पटाशीची धार व पोलादाचे पाणी

लाकडी औताची किरकोळ दुरुस्ती जे शेतकरी घरीच करतात, त्यांच्यापाशी एक चांगली पटाशी असणे अगत्याचे आहे. विकत घेताना पात्याची पाठ सपाट आहे की नाही, हे पट्टी लावून पाहावे. चकाकीस भुलू नये.

बोथट पटाशीस जोर अधिक लावावा लागतो व ती निसटून हातास इजा करते. तथापि धार लावण्याची घाईही करू नये. कोरड्या चाकावर पाते तापून कडेस निळा रंग आला, की पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. तो भाग मऊ पडतो, त्यावर धार टिकत नाही, व तेवढे पोलाद झिजवून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून पाते वरचेवर पाण्यात बुडवावे.

उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट ठेवली असता ३० अंशांचा कोन साधतो. बाभळीसारख्या कठीण लाकडास तो योग्य होय. त्यानंतर ओल्या निसण्यावर उतार घासावा. पाठीकडे बारीक कोर बोटास जाणवू लागली, म्हणजे पाठ निसण्यावर पूर्ण टेकवून ती काढावी. पाठ उचलून घासण्याची सवय पुष्कळांस असते. तिने चांगले हत्यार बिघडते.

काम संपताच पाते पुसून तेलाचा हात द्यावा. पावसाळ्यात यात एक दिवसाचीही हयगय करू नये.