लकवा मारलेल्या हाताला तलवारबाजीचा सराव. घरच्या घरी खुर्चीत बसून करायचा कसा, जपायचं काय?

खुलताबाद : अंगावरून वारं गेलं, दवाखाना झाला, माणूस घरी आला. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. एक हात लुळा, पाय ओढतो, शब्द नीट फुटत नाही. घरची मंडळी कापूस वेचायला नाहीतर अद्रकीच्या वावरात. कालपर्यंत घराचा कारभार पाहणारा माणूस दिवसभर बाजेवर पडून राहतो. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला असतो, पण 'मूठ उघडा, मूठ मिटा' हे शंभर वेळा करण्याचा कंटाळा येतो आणि आठ दिवसांत ते सुटतं. रोज फिजिओथेरपीला जायचं म्हटलं तर दौलताबादचा घाट उतरून सुमारे २५ किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. गाडीभाडं आणि सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी रोज कुणाला परवडणार?

अशा वेळी खेळ कामाला येतो. व्हीलचेअरवरची तलवारबाजी हा त्यातलाच एक. नाव मोठं वाटतं, पण तिचा साधा सराव घरात, भिंतीजवळ, कागदाच्या सुरळीनेही करता येतो. मात्र हे औषध नव्हे. डॉक्टरांच्या गोळ्या आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला याला हा पर्याय नाही. सांगितलेला व्यायाम सुटू नये म्हणून ही जोड आहे.

पुन्हा पुन्हा करण्याला इतकं महत्त्व का?

लकवा म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा गुठळीने अडतो किंवा रक्तवाहिनी फुटते. त्यात मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण मेंदूचा शेजारचा भाग ते काम काही प्रमाणात शिकू शकतो. पाट बुजला की पाणी नवी वाट धरतं, तसंच हे. फक्त पाणी पुन्हा पुन्हा सोडलं तरच वाट पडते. सुधारणा सगळ्यात वेगाने पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. पुढे वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही.

दुसरी गोष्ट घरोघर घडते. चांगल्या हाताने सगळं भागतं, म्हणून लुळा हात वापरातून जातो. जी थोडी हालचाल शिल्लक असते, तीही न वापरल्याने विसरली जाते. म्हणून त्या हाताला रोज काहीतरी काम द्यावं लागतं.

खेळ आला दवाखान्यातूनच

हा खेळ मुळात उपचारासाठीच सुरू झाला. जर्मनीतून इंग्लंडला आलेले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेविल इथे मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. रुग्णांना नुसतं खाटेवर ठेवायचं नाही, खेळायला लावायचं, हा त्यांचा आग्रह. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी १६ रुग्णांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पुढे तिथेच व्हीलचेअर तलवारबाजी रुजली आणि १९६० च्या रोमच्या पहिल्या पॅरालिंपिकपासून ती स्पर्धेत आहे.

उपचारातून खेळाकडे गेलेलं आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांचा आजार वेगळा, खेळही वेगळा. पण वाट तीच.

खेळतात कसा?

स्पर्धेत दोन्ही खुर्च्या जमिनीवरच्या लोखंडी चौकटीत घट्ट अडकवतात. मागेपुढे पळायची सोय नाही. त्यामुळे पायाचं काम कमरेला करावं लागतं. वार करायला पुढे झुकायचं, वार चुकवायला मागे व्हायचं. मोकळ्या हाताने खुर्चीचा दांडा धरून अंग ओढायचं किंवा ढकलायचं. बूड आसनावरून उचललं की चूक धरतात. फॉइल, इपी आणि सेबर अशा तीन प्रकारच्या तलवारी असतात. फॉइल अर्ध्या किलोपेक्षा हलकी असते आणि तिचा वार फक्त धडावर धरतात.

लकव्याच्या रुग्णाला नेमकी हीच गरज असते. बसल्या बसल्या तोल सांभाळणं, एका बाजूला कलंडलेलं अंग मधे आणणं, नजर आणि हात एकाच ठिकाणी नेणं. कंबर सावरली की बाजेवरून उठणं, जेवणं, कपडे घालणं यालाही मदत होते.

घरी तयारी अशी करा

आधी डॉक्टरांना विचारा : बसून पुढे झुकण्याचा व्यायाम चालेल का, रक्तदाब किती असेल तर करायचा नाही, आणि खांदा निखळलेला तर नाही ना? परवानगी मिळाली तरच पुढे जा.

प्लास्टिकची हलकी खुर्ची वापरू नका, ती उलटते. हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावा आणि बैलगाडीला लावतो तसा चाकांना दोन्हीकडून दगड लावा. कमरेला रुंद पट्टा बांधा. दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकलेले हवेत. सोबतीचा माणूस कायम लुळ्या बाजूला उभा राहील.

तलवार म्हणून वर्तमानपत्राची सुरळी पुरते. मूठ नीट बसत नसेल तर तिच्यावर जुनं फडकं गुंडाळून ती जाड करा. काठी, गज, छत्री घेऊ नका. समोर भिंतीवर छातीच्या उंचीला खडूने ताटाएवढा गोल काढा, किंवा आढ्याला दोरीने चिंध्यांचा चेंडू टांगा.

सरावाचे तीन टप्पे

पहिला टप्पा नुसता अंगाचा. तलवार न घेता सावकाश पुढे झुकायचं, मधे यायचं, सरळ बसायचं. दहा वेळा.

दुसरा टप्पा वाराचा. सुरळी पुढे नेऊन गोलाला टेकवायची आणि परत आणायची. खेळाडू चांगल्या हाताने खेळतो. घरच्या सरावात मात्र आधी चांगला हात, मग दोन्ही हात मिळून, आणि लुळ्या हातात थोडी ताकद असेल तर तो एकटा, असा क्रम ठेवा. लुळ्या हातात काहीच हालचाल नसेल तर तो मांडीवर उशीवर ठेवा, खाली लोंबकळू देऊ नका.

तिसरा टप्पा वार अडवण्याचा. नातू समोर बसून दुसऱ्या सुरळीने हळू वार करतो, आजोबा तो बाजूला सारतात. तोंडाकडे वार करायचा नाही. काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, ताटातलं अर्धं जेवणही तसंच राहतं. त्यांच्यासाठी नातवाने मुद्दाम डावीकडून यावं आणि सांगावं, "आबा, डावीकडं बघा."

प्रत्येक वार मोठ्याने मोजायचा. श्वास रोखला की रक्तदाब चढतो. मोजताना श्वास चालू राहतो. बोलणं अडखळणाऱ्या काही रुग्णांना आकडे मात्र म्हणता येतात, त्यांचा हुरूपही वाढतो. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ पाच ते दहा मिनिटं पुरे. भिंतीवर तारीख आणि आकडा लिहून ठेवा. परवा १२, आज १५, हे दिसलं की माणूस स्वतःहून खुर्ची मागतो.

इथे चूक करू नका

लुळ्या हाताला धरून रुग्णाला उठवू नका, खांदा निखळतो. तो हात खांद्याच्या वर ओढून नेऊ नका. सुरळी बोटांना करकचून बांधू नका. बोटं आधीच आखडत असतील तर घट्ट पकड त्रास वाढवते. खांदा दुखला, चक्कर आली, छातीत दुखलं, डोकं ठणकलं की तिथेच थांबा. झटके येऊन गेले असतील तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय सुरू करू नका.

तोंड वाकडं झालं, हात एकाएकी गळाला, बोलणं अडखळलं तर तो पुन्हा झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. कबुतराचं रक्त चोळण्यात किंवा कुणाकडे उतरवून घेण्यात गेलेला तास परत येत नाही.

पुढची वाट

लकव्यामुळे हात-पाय कायमचे ताठरले किंवा अशक्त झाले असतील, तर असा माणूस वैद्यकीय वर्गीकरणानंतर या खेळाच्या स्पर्धेतही उतरू शकतो. अंगाचा तोल किती राखता येतो, त्यावर गट ठरतो. छत्रपती संभाजीनगरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तलवारबाजीचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे खेळ जाणणारी माणसं जिल्ह्यात आहेत. अपंगत्व राहिलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करून ठेवा. व्हीलचेअरसारख्या साधनांच्या सरकारी योजनांना ते लागतं.

प्रत्येकजण पदकापर्यंत जाणार नाही, जायची गरजही नाही. आपल्या हाताने पाण्याचा तांब्या तोंडाला लावता आला, तरी त्या घरासाठी ती मोठी जीत आहे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत हा प्रश्नही डॉक्टरांना विचारा : बसून कोणता खेळ सुरू करता येईल?