पातळ बेअरिंग: दोष कोडचा नव्हताच!

आजचा भाग सॉफ्टवेअरचा नाही. म्हणजे, मला आधी तो सॉफ्टवेअरचाच वाटला होता.

मी पोटापाण्यासाठी महापेला कोड लिहितो आणि शनिवार-रविवार घरी एक छोटा रोबोटिक हात बनवतोय. त्याच्या मनगटातून तारा आरपार न्यायच्या होत्या, म्हणून ३० मिलिमीटर बोरचं बेअरिंग हवं होतं. मस्जिद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटला गेलो. दुकानदाराने दोन बेअरिंग पुढे ठेवली: ६२०६ आणि ६८०६.

नंबर वाचायला सोपा आहे. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे बोर. ०६ म्हणजे ३०. दोन्हींचा बोर सारखाच. फरक दुसऱ्या आकड्यात. ६२०६ चा बाहेरचा व्यास ६२, रुंदी १६, वजन साधारण २०० ग्रॅम. ६८०६ चा व्यास ४२, रुंदी फक्त ७, वजन २७ ग्रॅमच्या आसपास!

आता मनगटातलं वजन कोण उचलतं? कोपराची मोटर. आणि कोपराचं? खांद्याची. त्यामुळे टोकाला वाचलेला प्रत्येक ग्रॅम मागच्या सगळ्या मोटरांचा भार कमी करतो. अर्थात हे फुकट मिळत नाही. बॉल लहान, त्यामुळे भार पेलायची क्षमता जवळपास पाव होते. वाकवणारा जोर असेल तर एकट्याने भागत नाही. थोडं अंतर ठेवून दोन बसवावी लागतात.

मी ६८०६ घेतलं. हातात मस्त फिरत होतं. हाउसिंगमध्ये ठोकून बसवलं आणि मनगट अडखळायला लागलं. मला वाटलं, पीआयडी ट्यूनिंग चुकलं. दोन वीकेंड कोड उकरण्यात गेले. शेवटी मोटर काढून हाताने फिरवून बघितलं, तर तेव्हाही अडखळतंय! म्हणजे कोड बिचारा निर्दोष.

झालं काय होतं? या बेअरिंगची रिंग इतकी पातळ असते की ती स्वतःचा गोलपणा टिकवत नाही, हाउसिंगचा आकार घेते. आणि माझं हाउसिंगच गोल नव्हतं. मी डिझाइनमध्ये ॲल्युमिनियमची भिंत फारच पातळ ठेवली होती. लेथच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये ते पकडल्यावर दबलं, दबलेल्या अवस्थेत गोल बोर झालं आणि चक सोडल्यावर बोर वाकडा. या मापाच्या बेअरिंगच्या आत साधारण मोकळीक असते ५ ते २० मायक्रॉन. केस असतो ७० च्या आसपास. चूक लपवायला जागाच नाही. त्यात मी ठोकलंही आतल्या रिंगवर, म्हणजे सगळा मार बॉलमधून गेला.

दुसऱ्या वेळी भिंत जाड ठेवली, शेवटचा कट हलक्या पकडीत घ्यायला सांगितला, बोर तीन दिशांनी मोजला. बेअरिंग बाहेरच्या रिंगवर दाब देऊन हळूच सरकवलं. मनगट लोण्यासारखं फिरलं.

तेव्हा मंडळी, डीबगिंग सुरू करण्याआधी एकदा मोटर काढून हाताने फिरवून बघा. भेटू पुढच्या भागात!