रेवसची ट्रंक, दिल्लीची बॅग

गतवर्षी भाऊबीजेला मी दुबईहून घरी निघालो. दोन पैसे वाचवावे म्हणून दिल्लीमार्गे! पुढे मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, मग एस.टी.ने अलिबाग. तिथे ताई ओवाळायला थांबलेली.

बॅगेच्या चिठ्ठीवर ‘मुंबई’ छापले होते. तेव्हा दिल्लीत पासपोर्टवर शिक्का बसताच मी हात हलवीत निघालो. शेजारच्या आजींनी हटकले, “अहो, बॅग?”

“ती जाईल मुंबईला.”

“आपोआप नाही हो जायची!”

खरेच होते. परदेशातून येणाऱ्याची कस्टमची तपासणी सहसा देशातल्या पहिल्याच विमानतळावर होते. म्हणून बॅग पट्ट्यावरून स्वतः उचलायची, कस्टममधून न्यायची नि पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवायची. शिवाय अंगझडती दुसऱ्यांदा! हाती तीन तास होते. त्यांतला एक पट्ट्यापुढेच गेला.

लाज वाटली ती निराळीच. रेवसला उतरताना आई दरवेळी ओरडायची, “ट्रंक घेतलीस का रे?” लाँचवाला ती एस.टी.त थोडीच चढवणार!

शेवटची लाँच कशीबशी मिळाली. ताईने निरांजन लावले, आणि ओवाळण्याआधी विचारले, “बॅग आली ना रे?”