वाचकांची दक्षिणा

ज्या ग्रंथकारानें वर्षानुवर्षें आपलें मनोरंजन केलें, तो अंथरुणाला खिळला असतां वाचकाचें त्याच्याविषयीं कांहीं कर्तव्य उरतें काय? पुस्तकाची किंमत मोजली कीं व्यवहार संपला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु इंटरनेटनें हा प्रश्न आतां घरोघर आणून ठेवला आहे. दुर्धर व्याधीनें ग्रासलेल्या लेखकासाठीं वा कलावंतासाठीं साहाय्याची विनंती मोबाइलवर येते, आणि त्यास कधींही न पाहिलेले रसिक यथाशक्ति रक्कम पाठवितात.

अमेरिकेंतील लेखक पीटर डेव्हिड यांचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. चित्रकथांच्या मासिकांत ‘हल्क’ या पात्राच्या कथा त्यांनीं १९८७ पासून सुमारें बारा वर्षें लिहिल्या. १९९२ मध्यें चित्रकार रिक लिओनार्डी यांच्यासह ‘स्पायडर-मॅन २०९९’ हा नवा नायक निर्माण केला. २०१२ च्या डिसेंबरांत त्यांस पक्षाघात झाला. मदत कशी करावी, असें वाचक विचारूं लागले, तेव्हां त्यांच्या पत्नीनें सुचविलें कीं, लेखकांनीं मिळून चालविलेल्या प्रकाशनसंस्थेनें काढलेलीं त्यांचीं पुस्तकें विकत घ्या. पुढें २०२२ च्या नोव्हेंबरांत मूत्रपिंडें निकामी झालीं व पक्षाघातानेंही पुन्हा गांठलें. या वेळीं ‘गोफंडमी’ या संकेतस्थळावर निधि उघडावा लागला, आणि वाचकांनीं हात आखडता घेतला नाहीं. २४ मे २०२५ रोजीं त्यांचें निधन झालें.

एवढ्या नामांकित लेखकावर ही पाळी कां यावी? तेथील मोठ्या चित्रकथा-कंपन्यांत लेखकास लिहिलेल्या पानांचा मोबदला मिळतो. पात्राचें स्वामित्व मात्र कंपनीकडे राहतें. शिवाय त्या देशांत आरोग्यविमा बहुतांशीं नोकरीशीं बांधलेला असल्यानें स्वतंत्र लेखक उघडा पडतो. निधि उघडल्यावर सातच महिन्यांनीं, २०२३ च्या जूनमध्यें, त्यांचा तो नायक एका भव्य चित्रपटांत जगभर झळकला! अशा वृद्ध व रुग्ण चित्रकथाकारांसाठीं ‘हीरो इनिशिएटिव्ह’ ही संस्था तेथें २००० सालापासून आहे. तरीही वाचकांपुढें येण्याची वेळ टळत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, ही भिक्षाच झाली. आम्हांस तसें वाटत नाहीं. भिक्षा दात्याच्या दयेवर अवलंबून असते. दक्षिणा ही घेतलेल्या विद्येची फेड असते. आपल्या शास्त्रकारांनीं ऋषिऋण सांगितलें, त्यांतील मर्म हेंच कीं, ज्याच्यापासून शब्द व विचार मिळाले त्याचे आपण देणेकरी आहों. वाचकानें पाठविलेली अल्पशी रक्कमही त्या देण्यांतच जमा होते. म्हणून ती देतांना उपकाराची भाषा नसावी.

या मार्गांत वैगुण्येंही आहेत. रुग्णाला आपली व्याधि चव्हाट्यावर मांडावी लागते. ज्याचें नांव मोठें त्याच्याकडे ओघ लागतो, आणि तितकाच आजारी पण अप्रसिद्ध लेखक तसाच राहतो. आपल्याकडेही ‘मिलाप’, ‘केटो’ अशीं संकेतस्थळें रुळलीं आहेत. घरांतील तरुण मुलांनीं तेथें पैसे पाठवूं नयेत, असें आम्ही म्हणणार नाहीं; परंतु निधि कोणी उघडला, कुटुंबाची त्यास संमति आहे काय, आणि रक्कम कोणाच्या हातीं पडणार, या तीन गोष्टी आधीं पाहाव्या. विवेक सोडून केलेलें दान बहुधा अपात्रींच पडतें.

तथापि मुख्य गोष्ट निराळीच आहे. विद्या मिळतांच दक्षिणा द्यावी. गुरु शय्येवर पडेपर्यंत थांबूं नये. डेव्हिड यांच्या पत्नीनें २०१२ मध्यें सांगितलेली वाट म्हणूनच आम्हांस सर्वांत सन्मानाची वाटते. आवडत्या लेखकाचें पुस्तक मागून किंवा चोरटी प्रत उतरवून न वाचतां विकत घ्यावें, मासिकाची वर्गणी वेळेवर भरावी. प्रत्येक घरानें एवढें केलें, तर पुष्कळ लेखकांना आजारपणांत वाचकांपुढें पदर पसरण्याचा प्रसंगच येणार नाहीं.