योगायोगाची मोजदाद

संख्याशास्त्राचे प्राथमिक पाठ गिरवणारा विद्यार्थी, मग तो कृषी महाविद्यालयातील असो, मानसशास्त्राचा असो वा वाणिज्य शाखेचा, एका विशिष्ट ठिकाणी हटकून अडखळतो, आणि ती अडचण गणिताच्या काठिण्याची नसून अर्थाच्या आकलनाची असते. सरासरी काढणे, आलेख रेखाटणे, आकड्यांचा विस्तार मोजणे येथवर त्याचे बरे चाललेले असते. परंतु परिकल्पनेची चाचणी आणि समाश्रयण, म्हणजे ज्याला वर्गात सर्रास रिग्रेशनच म्हणतात, ही दोन प्रकरणे उघडली की सूत्रे पाठ होतात, कोष्टकातून हवा तो अंक शोधता येतो, संगणकाकडून उत्तरही मिळते, आणि तरीही ‘हे उत्तर नेमके कशाचे?’ असे कोणी विचारले तर त्याला काही सांगता येत नाही. माझ्या मते याचे कारण एकच आहे: निव्वळ योगायोग काय काय घडवू शकतो, याची मोजदाद त्याने स्वतःच्या हाताने कधी केलेली नसते. ती एकदा केली, तर ही दोन प्रकरणे निराळी राहत नाहीत.

या मोजदादीचे सर्वांत स्वच्छ उदाहरण इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यातले आहे. तेथे हार्पेंडन गावानजीक रॉथमस्टेड येथे १८४३ साली सुरू झालेले शेतकी संशोधन केंद्र आहे, आणि दीर्घकाळच्या खतप्रयोगांचे साचलेले आकडे तपासण्यासाठी १९१९ साली रोनाल्ड फिशर हे तरुण गणिती तेथे रुजू झाले. शैवालांच्या अभ्यासक म्युरिएल ब्रिस्टल या तेथेच काम करीत. पेल्यात दूध आधी घातले की चहा आधी ओतला, हे आपल्याला चवीवरून ओळखता येते, असा त्यांचा दावा होता. दाव्याची थट्टा करून विषय संपवणे सोपे होते. पण असा दावा तपासायचा कसा, हा प्रश्न फिशर यांनी गांभीर्याने घेतला, आणि प्रयोगांच्या आखणीवरील त्यांच्या १९३५ सालच्या ग्रंथात दुसऱ्या प्रकरणाचा आरंभच या चहाने होतो.

ग्रंथातील मांडणी अशी आहे. आठ पेले तयार करायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी; त्यांचा क्रम कोणाच्या मर्जीने न ठरवता यदृच्छेने ठरवायचा; आणि प्रत्येक प्रकारचे चार पेले आहेत हे बाईंना अगोदर सांगून, दूध आधी घातलेले चार पेले निवडायला लावायचे. आता क्षणभर असे धरून चालू की त्यांना काहीही ओळखता येत नाही, त्या केवळ अंदाजाने चार पेले उचलतात. हे धरून चालणे म्हणजेच पाठ्यपुस्तकातील ‘शून्य परिकल्पना’ होय. ती कोणाचे मत नसते, केवळ मोजणीसाठी घेतलेले गृहीत असते. आठांतून चार पेले निवडण्याचे एकूण ७० प्रकार होतात. त्यांपैकी चारही पेले बरोबर येतील असा प्रकार एकच. तीन बरोबर आणि एक चूक असे प्रकार १६, कारण बरोबर चारांतून तीन निवडण्याच्या चार रीती आणि चुकीच्या चारांतून एक निवडण्याच्याही चार. दोन बरोबर, दोन चूक असे ३६. एक बरोबर असे पुन्हा १६. आणि सगळेच चूक असा एक. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन ही बेरीज स्वतः करावी, असा माझा आग्रह आहे, कारण १, १६, ३६, १६, १ हे पाच आकडे एका ओळीत मांडले की चाचणीचे सगळे मर्म डोळ्यांपुढे उभे राहते.

चारही पेले अचूक निघाले, तर ती गोष्ट निव्वळ अंदाजाने सत्तरांत एकदा, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी वेळा घडण्याजोगी आहे. तेव्हा ‘काही ओळखता येत नाही’ हे गृहीत धरून बसणे अवघड होते. पण तीन बरोबर आणि एक चूक आला, तर? तितकी किंवा त्याहून सरस कामगिरी केवळ अंदाजाने सत्तरांत १७ वेळा, जवळजवळ २४ टक्के वेळा घडू शकते. ऐकणाऱ्याला चारांतले तीन ही मोठी कामगिरी वाटते. मोजणारा मात्र तिला पुरावा मानू शकत नाही. पेले सहाच घेतले असते, तर निवडीचे प्रकार २० झाले असते आणि सर्व अचूक येण्याचा योगायोग नेमका पाच टक्के उरला असता. चारच घेतले असते, तर प्रकार अवघे सहा, आणि मग बाईंनी एकही चूक न करता सगळे ओळखले तरी त्यातून काहीच सिद्ध झाले नसते. म्हणजे प्रयोग काय सांगू शकेल आणि काय सांगू शकणार नाही, याचा फैसला पहिला घोट घेण्यापूर्वीच पेल्यांच्या संख्येने होऊन गेलेला असतो. ही गोष्ट ज्याला उमगली त्याला हेही आपोआप कळते, की निर्णयाची अट आकडे हाती येण्यापूर्वीच लिहून ठेवली पाहिजे. आकडे पाहून अट ठरवणे म्हणजे निकाल देऊन मग कायदा लिहिणे होय.

या सत्तरांश भागालाच पी-मूल्य म्हणतात, आणि त्याच्याविषयीचा गैरसमज विद्यार्थ्यांपुरता मर्यादित नाही. शोधनिबंध लिहिणारे विद्वानही त्यात सापडतात. बाईंना चव ओळखता येत नसण्याची शक्यता एक सत्तरांश आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. ओळखता येत नाही असे धरले, तर असा निकाल सत्तरांत एकदा येईल, एवढेच ते सांगते. या दोन विधानांतील अंतर जो विसरला, तो पुढची सगळी गणिते बिनचूक करूनही चुकीच्या ठिकाणी पोहोचतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एक पेला चुकला म्हणून त्यांना चव कळत नाही हेही सिद्ध होत नाही. शून्य परिकल्पना कधीच सिद्ध होत नसते, फार तर खोडली जाऊ शकते, असे फिशर यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. पाच टक्क्यांची जी मर्यादा सर्वत्र वापरली जाते, ती त्यांनी १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात सोयीची म्हणून घेतली होती. पुढे तिला शास्त्राज्ञेचे स्वरूप आले, आणि अखेर २०१६ साली अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेला निवेदन काढून बजावावे लागले की, एखादा वैज्ञानिक निष्कर्ष केवळ पी-मूल्य ठरावीक रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढ्यावर काढू नये.

समाश्रयणाकडे वळताना १८८६ साली जावे लागते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी त्या वर्षी २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांच्या उंचीचे आकडे प्रसिद्ध केले. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून त्यांनी पुरुषांच्या मापाशी जुळवून घेतली, आई-बापांच्या उंचीचा मध्य काढला, आणि त्यांना असे आढळले की आई-बाप सरासरीपेक्षा जितके उंच, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच अपत्ये सरासरीपेक्षा उंच असतात. जोडप्याचा मध्य सरासरीहून तीन इंच अधिक असेल, तर मुले सरासरीहून दोनच इंच अधिक. ठेंगण्यांच्या बाबतीतही तसेच. यावरून मानवजात हळूहळू एकाच उंचीची होत चालली आहे असे कोणाला वाटेल, पण आकडे उलट बाजूने वाचले, तर फार उंच मुलांचे आई-बापही मुलांइतके उंच नसतात असेच आढळते! काळाची दिशा उलटवली तरी सरासरीकडची तीच माघार, म्हणजे शब्दशः ‘रिग्रेशन’, दिसते, याचा अर्थ ती निसर्गाची कोणती ओढ नाही. दोन मापांचा संबंध पूर्ण नसतो, तेव्हा टोकाच्या एका मापाचा जोडीदार सरासरीच्या जवळ सापडतो, इतकेच. घटक चाचणीत पहिल्या आलेल्या मुलाला सहामाहीत थोडे कमी गुण पडले की तो कौतुकाने बिघडला, आणि शेवटून पहिल्या आलेल्याचे गुण वाढले की त्याला छडीने सुधारले, अशी समजूत होते. कौतुकाने व छडीने काहीही केले नसते, तरी हे बहुतांशी घडलेच असते. या एका गैरसमजाने मुलांवर जो अन्याय होत आलेला आहे, तो मला फार सलतो. व्यापारी पेढ्यांच्या बाबतीत हीच चूक होरेस सीक्रिस्ट या अमेरिकन प्राध्यापकांनी एका जाडजूड ग्रंथात केली, आणि १९३३ साली हॅरल्ड हॉटेलिंग यांनी त्याच्या परीक्षणात ती उघड केली.

आता दोन मापांच्या अशा संबंधाला सरळ रेषा बसवण्याचे, म्हणजेच समाश्रयणाचे, एक छोटे उदाहरण हाताने करू. आकडे सरावासाठी कल्पिलेले आहेत. गव्हाचे पाच सारखे वाफे. कोणत्या वाफ्याला पाण्याच्या किती पाळ्या द्यायच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. १, २, ३, ४, ५ पाळ्यांना अनुक्रमे ४, ५, ७, ८, ११ किलो गहू निघाला. पाळ्यांची सरासरी ३, गव्हाची ७. प्रत्येक आकड्यातून आपापली सरासरी वजा केली की पाळ्यांच्या रकान्यात उणे २, उणे १, ०, १, २ आणि गव्हाच्या रकान्यात उणे ३, उणे २, ०, १, ४ असे उरते. समोरासमोरच्या अंकांचे गुणाकार ६, २, ०, १, ८, त्यांची बेरीज १७. पाळ्यांच्या रकान्यातील अंकांच्या वर्गांची बेरीज १०. सतराला दहाने भागले की १.७ हा रेषेचा उतार मिळतो: दर पाळीमागे १.७ किलो गहू. रेषा सरासरींच्या बिंदूतून जाते, म्हणून तिने वर्तवलेले उत्पन्न ३.६, ५.३, ७, ८.७ व १०.४ असे येते, आणि प्रत्यक्षाशी फरक ०.४, उणे ०.३, ०, उणे ०.७ व ०.६. या फरकांना अवशेष म्हणतात; त्यांची बेरीज शून्य येते, आणि ती आली नाही तर हिशेब चुकला असे खुशाल समजावे. अवशेषांच्या वर्गांची बेरीज १.१ आहे, आणि दुसरी कोणतीही सरळ रेषा काढली तरी ती याहून अधिकच येणार. न्यूनतम वर्ग पद्धती म्हणतात ती हीच.

पण हा १.७ खरा, की योगायोगाने पडलेला? येथे चहाच्या पेल्यांची रीत जशीच्या तशी लागू करता येते. पाण्याचा काहीही परिणाम नाही असे धरले, तर ४, ५, ७, ८, ११ हे आकडे त्या त्या वाफ्यांचेच होते, पाळ्यांचा क्रम मात्र चिठ्ठीने ठरलेला. गव्हाचे पाच आकडे पाच चिठ्ठ्यांवर लिहून, पिसून, पाळ्यांसमोर मांडले तर एकूण १२० मांडण्या होतात. आपल्या मांडणीतली १७ ही बेरीज या सगळ्यांत मोठी आहे, आणि ती एकाच मांडणीत येते; उलट क्रमाने लावले तर उणे १७ ही सर्वांत लहान, तीही एकदाच. म्हणजे इतका तीव्र उतार, चढता वा उतरता, निव्वळ चिठ्ठ्यांच्या पिसण्याने १२० त दोनदा, १.७ टक्क्यांच्या आत घडतो. दहावीस वेळा चिठ्ठ्या पिसून गुणाकारांची बेरीज वहीत उतरवून पाहावी. कधी ५, कधी उणे ८, कधी शून्याच्या आसपास असे आकडे येऊ लागले की योगायोगाचा स्वभाव हाताला कळतो, आणि मग संगणकाने छापलेल्या तक्त्यात उतारासमोर लिहिलेले पी-मूल्य परके वाटत नाही. एक सावधगिरी मात्र येथेच शिकावी. त्याच रेषेला बारा पाळ्यांचे उत्पन्न विचारले, तर ती बिनदिक्कत २२.३ किलो सांगेल. आणि अतोनात पाण्याने जमीन चोपण होते, क्षारपड होते, हे उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. जेथपर्यंत आकडे आहेत तेथपर्यंतच रेषेचा अधिकार चालतो.

महाराष्ट्राला ही विद्या उपरी नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले, आणि तेथे येझी नेमन व एगॉन पिअर्सन यांच्या सहवासात शिकले. याच जोडीने १९३३ साली चाचणीतील दोन प्रकारच्या चुकांचा, खरे गृहीत खोडण्याचा आणि खोटे न खोडण्याचा, व्यवस्थित सिद्धान्त मांडला होता. मायदेशी परतल्यावर सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी पिकाचा अंदाज बांधण्याची सरकारी रीत पालटण्यास मोठा हातभार लावला. पूर्वी महसुली अधिकारी बांधावर उभा राहून नजरअंदाजाने आणेवारी ठरवी. त्याऐवजी गाव, गावातला सर्व्हे नंबर आणि शेतातला कोपरा यदृच्छेने निवडायचा, खुंट्या ठोकून ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून, मळून, तोलून त्याचे वजन नोंदवायचे, ही पीक-कापणी प्रयोगाची पद्धत रूढ झाली. या दोघांनी कृषिक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी लिहिलेले संख्याशास्त्रीय पद्धतींचे पुस्तक १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केले, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या कृषी महाविद्यालयांत ते वापरले गेले. नजरअंदाजाच्या जागी तागडी आली, तेव्हा शेतसाऱ्याच्या सुटीसारख्या गोष्टींतही एका माणसाच्या मर्जीची जागा तपासता येणाऱ्या आकड्याने घेणे शक्य झाले; एवढे मोठे सामाजिक मोल या कोरड्या वाटणाऱ्या विषयाला आहे.

म्हणून हा विषय शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात संगणक बंद ठेवावा, पाच-सहा आकड्यांपलीकडे जाऊ नये, प्रत्येक विद्यार्थ्याकडून चिठ्ठ्या पिसवून घ्याव्यात, आणि आकडे फळ्यावर मांडण्यापूर्वी ‘काय दिसले तर मी माझे गृहीत सोडीन’ हे एक वाक्य त्याच्या वहीत तारीख घालून लिहून घ्यावे. सूत्रे त्यानंतर द्यावीत.