गाईची वार बघितलीत कधी?

श्वेतकपिला ही गोव्याची नोंदणीकृत देशी गाय. पेडणे-डिचोलीकडे गोठ्यात गाय व्याली की सगळे वार पडायची वाट बघतात. (12 तासांत पडली नाही तर ओढू नका, डॉक्टरांना बोलवा!)

माणसाची वार एकसंध. गाईची मात्र साधारण 70 ते 120 गाठींनी गर्भाशयाला बटणांसारखी जोडलेली. गर्भ चिकटायला लागतो तो विसाव्या दिवसाच्या आसपास. पुढे वासरू वाढतं तशा गाठी मोठ्या होतात, त्यांतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. आई-वासराचं रक्त मिसळत नाही. मधल्या थरांतून प्राणवायू, साखर जाते, पण आईची प्रतिपिंडं अडतात. ती मिळतात चिकातूनच. खरवस मलाही प्रिय, पण पहिला चीक वासराचा. दिवसभरानंतर त्याचं आतडं प्रतिपिंडं शोषत नाही.