सागरेश्वरची हरणे, चांदोलीचा वाघ

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर हे आपोआप वाढलेले जंगल नव्हे. कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या सीमेवरील उघड्याबोडक्या डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावली गेली, कुंपण उभे राहिले, हरणे आणून सोडली गेली, आणि १९८५ मध्ये जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. वाघ मात्र तिथे आणला गेला नाही, आणि एवढ्याशा जागेत तो मावणारही नव्हता.

गवत हरणाने खावे आणि हरीण वाघाने, या क्रमाला अन्नसाखळी म्हणतात. तिचा वरचा दुवा नसला की चितळ-सांबरांची संख्या चारापाणी पुरेल तोवर वाढतच राहते, कारण कोल्ह्याने एखादे पाडस उचलले तरी प्रौढ सांबर त्याच्या आवाक्यातले नसते. शिवाय शिकारी प्राणी केवळ संख्या घटवत नाही, तर त्याच्या धाकाने कळप एका जागी ठरत नाही आणि चरलेल्या जागेला पुन्हा फुटायला उसंत मिळते. तो धाक गेला की ओढ्याकाठचा तोच पट्टा रोज चरला जातो, रोप गुडघ्याएवढे होण्याआधीच खुडले जाते आणि सांबराची मान पोहोचते तिथपर्यंत फांद्यांना पान उरत नाही. जुनी झाडे उभी असल्यामुळे रान दुरून हिरवेच दिसते, पण त्यांची जागा घेणारी पिढी खाली नसते. वरून खाली पायरीपायरीने उतरणाऱ्या या परिणामाला शास्त्रज्ञांनी धबधब्याची उपमा दिली आहे. अमेरिकेतील यलोस्टोनमध्ये लांडगे संपवल्यानंतर नेमके हेच घडले, आणि १९९५ मध्ये ते परत आणूनही तिथली झाडी सर्वत्र पूर्ववत झालेली नाही.

सागरेश्वरची हरणे कुंपणातून बाहेर पडून उसाचे कोवळे कोंब आणि मका खातात, तेव्हा रात्रभर राखण करणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार पूर्णपणे रास्त असते.

सह्याद्रीच्या माथ्यावर अडचण नेमकी उलटी होती. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, जो साताऱ्यासह चार जिल्ह्यांत पसरला आहे. परंतु भक्ष्य विरळ असल्याने वाघ तिथे दीर्घकाळ पाहुण्यासारखेच येत-जात राहिले. म्हणून सागरेश्वरचे चितळ चांदोलीत नेण्यात आले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाहून वाघीणही आणली गेली. ज्या चितळांच्या कित्येक पिढ्यांना वाघाचा वास ठाऊक नव्हता, त्यांना आता गवतात तोंड घालण्याआधी कान टवकारावे लागतील.